चवथीचा बाजार: पान घ्या, पीठ ठेवा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे चार दिवस गोव्यातला कुठलाही बाजार घ्या, म्हापसा, फोंडा, पणजी, माशेल नाहीतर साखळी, मांडणी साधारण एकच असते. रस्त्याच्या कडेला गोणपाट, त्यावर गणपतीवर टांगायच्या कांगल्यांसारख्या रानफळांचे घोस, तोरिंगं, सुपारीची शिपटी, मध्येच हळदीच्या पानांचे भारे. वर निळी ताडपत्री, जिच्या पोटात साठलेलं पाणी नेमकं वाकलेल्या गिऱ्हाइकाच्या मानेत उतरतं. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा इथल्या बायकांनी रानातून आणि परसातून आणलेल्या मालावर हा बाजार चालतो. त्यातलं काय घ्यावं, काय घेऊ नये, आणि घेतलेल्या मालाचं घरी काय होतं, हे इथं एकाच मापानं तपासलं आहे. ते माप म्हणजे नवें, नव्या पिकाचा मान.

शेतात पहिलं आलेलं देवापुढे, मग आपल्या ताटात. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, गोव्यातल्या हिंदू घरांत नव्याची पंचम होते: भाताची कणसं वाजतगाजत घरी येतात, गणपतीपुढे ठेवली जातात, दाराला बांधली जातात. तोच हिशेब सासष्टीतल्या रायच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला कणसांच्या फेस्तात दिसतो. पाद्री कणसांना आशीर्वाद देतो आणि ती घराघरातल्या आल्ताराकडे, म्हणजे घरच्या वेदीकडे, जातात. 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला ख्रिस्ती घरांत पातोळ्या (हळदीच्या पानात तांदळाचं वाटण आणि गूळ-खोबऱ्याचं सारण दुमडून वाफवलेल्या), नागपंचमीला आणि हरतालिकेला हिंदू घरांत पातोळ्या. पान तेच, नारळ तोच, फरक फक्त तांदळात. तो पुढे येईल.

म्हणून बाजारातल्या प्रत्येक जिनसेला तीन प्रश्न: इथलं आहे का, या हंगामाचं आहे का, आणि त्याचा नैवेद्य नीट होतो का. या मापानं बाजार पानांत पहिल्या वर्गात येतो, गुळात जेमतेम पास होतो आणि पिठात सपशेल नापास.

पानापासून सुरुवात करू, कारण पातोळीची निम्मी चव तिथेच ठरते. हळदीचं पान श्रावण-भाद्रपदात भरात असतं. गड्डे खोदायला अजून चार-पाच महिने असतात आणि झाडाचा सगळा जोर पानात असतो. भाऱ्यातलं वरचं पान बघून फसू नका; वर हातभर लांबीची चकचकीत पानं आणि आत फाटकी, पिवळी पडलेली, हा जुना धंदा आहे. भारा सोडायला सांगा. चांगलं पान वीत-दीड वीत लांब, मधली शीर लवचिक, दुमडलं तर कट्‌ आवाज न करता वाकणारं. पिवळट कडा आल्या की वास उतरलेला असतो आणि पान शिरेच्या रेषेत उभं फाटतं. मग सारण वाफेत पाण्यात पडतं आणि मोदकपात्राच्या तळाशी गुळाचा काळा थर बसतो.

खरी गोची रानहळदीची आहे. तिचं पान लांबून अगदी तसंच दिसतं आणि गर्दीच्या दिवशी भाऱ्यात मिसळून येतं, बहुतेक वेळा विकणारीलाही न कळता. ओळख सोपी आहे. पानाचं टोक चुरगाळून हुंगा: खऱ्या हळदीच्या पानाला गोडसर, हिरवा, किंचित लिंबासारखा वास येतो, रानहळदीला कापराचा. दुसरी खूण पानाच्या पाठीवर. बोट फिरवलं आणि मऊ लव लागली, किंवा मधल्या शिरेच्या बाजूनं जांभळट पट्टा दिसला, तर ते पान ठेवून द्या. कर्दळीचं पानही कधी कधी येतं. त्याला वासच नसतो, त्यामुळे नुकसान फक्त चवीचं. कापराच्या वासाच्या पातोळ्या मात्र देवापुढे ठेवल्या तरी नंतर घरात कुणी खात नाही.

पानं आदल्या दिवशी घेतली तरी चालतात. धुऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळून जमिनीवर थंड जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची तर कागदात गुंडाळून, नाहीतर कडा काळ्या पडतात. पंचवीस पातोळ्यांना मोठी पानं असतील तर पंधरा पुरतात, कारण मोठं पान आडवं कापून त्याचे दोन तुकडे करता येतात.

आता तांदूळ. गेली काही वर्षं बाजारात ‘पातोळ्यांचं पीठ’ म्हणून पाकिटं दिसतात, आणि इथंच आमचा ठाम नकार आहे. हे कोरडं दळलेलं पीठ असतं. पातोळीला लागतं भिजवून वाटलेलं. कोरड्या पिठात पाणी घातलं की ते वरवर ओलं होतं, कण आतून कोरडाच राहतो. वाफ लागली की तो उशिरा पाणी ओढतो आणि पातोळी पानावरून सोडवताना चिरते, चावताना रवाळ लागते. उकडीच्या मोदकाला पिठी चालते कारण तिथं उकळत्या पाण्यात तिची आधीच उकड होते. पातोळीत ती पायरीच नाही. पाकीट घरी आलंच असेल तर एक वाटी पिठाला पाऊण वाटी कोमट पाणी घालून किमान दोन तास झाकून ठेवा. निभावून जाईल, पण त्याच्या पुढे नाही.

तांदूळ कुठला? हिंदू घरांत नैवेद्याला सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, कारण उकडा तांदूळ एकदा शिजलेला मानतात. ख्रिस्ती घरांत उकडा सर्रास चालतो. कुणी त्यात थोडा सुरय मिसळतात. उकड्याची पातोळी मऊ, जाडसर आणि दुसऱ्या दिवशीही बरी लागते. सुरयची पांढरी, नाजूक, पण चार-पाच तासांत कडक होऊ लागते. नव्या तांदळाचा मोह धरू नका, हे जरा विचित्र वाटेल. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि वाटल्यावर चिकट होतो, पानाला धरून बसतो. सण नव्या पिकाचा असला तरी पातोळीला गेल्या वर्षीचाच तांदूळ घ्यावा, आणि नवे चार दाणे मान म्हणून वाटणात टाकावेत. अनेक घरांत हेच करतात.

गूळ हा बाजाराचा सगळ्यात कमजोर भाग. पातोळीचा रंग आणि तो किंचित धुरकट, खारट गोडवा माडाच्या गुळाचा. माडाची सूर, म्हणजे ताजा गोड रस, आटवून केलेला, काळपट, शंकूच्या किंवा पिरॅमिडच्या आकाराचा. पण माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, आणि पावसात सूर काढणं तसंही अवघड. त्यामुळे चवथीच्या सुमाराला मिळणाऱ्या बऱ्याच ढेपांत साखर असते. ओळखायचं असं: खरा माडाचा गूळ पावसाळी हवेत घामेजतो, बोटाला चिकटतो, अंगठ्यानं दाबला तर खळगा पडतो. साखर मिसळलेला कडक राहतो, फोडला तर तुटल्या जागी स्फटिक चमकतात, आणि जिभेवर आधी नुसता गोड, मग काहीच नाही. विकणाऱ्याकडे एक खडा चाखायला मागा. देत नसेल तर पुढे चला. मेमध्ये पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीतच माडाचा गूळ घेऊन बरणीत घट्ट झाकून ठेवणारी घरं शहाणी. तो नाहीच मिळाला तर काळपट उसाचा गूळ घ्या, पिवळाधमक नको. आणि उसाच्या गुळात चिमूटभर मीठ वाढवा.

नारळ हलवून पाणी वाजतं का बघतात ते ठीक, पण फार खळखळणारा नारळ जुना असतो. त्याचं खोबरं तेलकट असतं आणि सारण शिजताना तेल सुटतं. पाणी जड, गच्च वाजलं पाहिजे. डोळे ओलसर किंवा बुरसलेले असतील तर नको.

इतकं घरी आलं की काम सोपं आहे, पण क्रम चुकवू नये. पंचवीस पातोळ्यांना अर्धा किलो तांदूळ. सुरय चार-पाच तास, उकडा रात्रभर भिजवा. निथळून वाटा, आणि पाणी एकदम ओतू नका. अर्ध्या किलोला साधारण एक वाटी पाणी पुरतं. वाटण गुळगुळीत हवं आणि इतकं घट्ट की बोट बुडवून उलटं धरलं तर थर चिकटून राहील, ओघळणार नाही. इडलीच्या पिठाइतकं सैल झालं तर काम फसलं: पान दुमडलं की ते कडेनं बाहेर येतं. सैल झालंच तर फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटं टांगा, त्यात कोरडं पीठ मिसळून वेळ मारून नेऊ नका. वाटल्यावर दोन तासांच्या आत वापरा. भाद्रपदाच्या दमट हवेत ते पटकन आंबतं आणि आंबटपणा गुळाबरोबर फारच जाणवतो.

सारणाला एक मोठा नारळ, दोनशे ते अडीचशे ग्रॅम गूळ, पाच-सहा वेलदोडे, कणभर मीठ. काही घरांत पार्वतीच्या नैवेद्याच्या पातोळ्या अळणी करतात. तिथं मीठ ना पिठात, ना सारणात. गूळ आधी दोन चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या. माडाच्या गुळात सालपटं आणि कधी कधी वाळूही असते. मग खोबरं घालून मंद आचेवर सहा-आठ मिनिटं. सारण कढई सोडायला लागलं की उतरवा. त्याहून पुढे नेलं तर ते थंड झाल्यावर चिक्कीसारखं होतं. आणि ते पूर्ण थंड झाल्याशिवाय पानावर घेऊ नका. गरम सारण वाटण पातळ करतं, वाटण घसरतं, आणि पानाच्या मधोमध ओली भेग पडते. पातोळ्या बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि दोष मात्र पानाला दिला जातो.

पान पुसून कोरडं करा, देठ कापा. गुळगुळीत बाजूवर ओल्या बोटांनी वाटण पसरा, जाडी दोन-तीन मिलिमीटर, कडेला बोटभर जागा मोकळी. बोटं पाण्यात बुडवत राहा, नाहीतर वाटण बोटाबरोबर उचलून येतं आणि पानावर पाण्याच्या रेघा उमटतात. एका बाजूला शिरेलगत एक लांबट ओळ सारणाची, मोठा दीड चमचा. शिरेवर दुमडा, कडा हलक्या हातानं दाबा. पाणी खळखळून उकळल्यावरच पातोळ्या आत, दोनपेक्षा जास्त थर नको, दुसरा थर पहिल्यावर आडवा. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंब थेंब पडून वरच्या पातोळ्या गचगचीत होतात. पंधरा ते अठरा मिनिटं. पान गडद, तेलकट हिरवं झालं आणि वासानं स्वयंपाकघर भरलं की झालं. लगेच पान सोडू नका. सात-आठ मिनिटं थांबलात तर पातोळी आपोआप सुटते आणि अंगावर शिरांची नक्षी अख्खी उमटते.

भांड्याबद्दल दोन शब्द. बाजारात या दिवसांत भांडीवालेही येतात आणि मोदकपात्र, कोंफ्रो अशा नावांनी वाफेची भांडी विकतात. चकाकी बघू नका. चाळणी तळापासून किती उंच आहे ते बघा. चार बोटांपेक्षा कमी असेल तर उकळतं पाणी चाळणीतून वर येतं आणि खालचा थर भिजतो. झाकण सपाट नको, घुमटासारखं हवं, म्हणजे थेंब कडेनं ओघळतात. तांब्याचं भांडं घेणार असाल तर आतून कल्हई आहे का बघा. कडेचा एखादा काळा डाग आधी कल्हईवाल्याकडे, मग चुलीवर.

खतखतं, म्हणजे नारळाच्या वाटणातली मिसळ भाजी; त्याच्या बाबतीत बाजार अर्धा सोन्याचा, अर्धा फसवा. सुट्या भाज्या अप्रतिम: सुरण, माडी (अळूचा कंद), कणगी (रताळ्यासारखा कंद), नीरफणस, कच्ची केळी, फागलां (कर्टुली), भोपळा, मुळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, भौगोलिक मानांकन मिळालेला सात शिरांचा भेंडा, आणि आंबाडे. फसवी ती कापून भरलेली ‘खतखतं मिक्स’ पाकिटं. दिसायला सोय, पण त्यात माडीचे आणि भोपळ्याचे तुकडे सारख्याच आकाराचे असतात. माडीला वीस मिनिटं लागतात, भोपळ्याला सात. एकत्र शिजवलं की भोपळ्याचा लगदा आणि माडी कच्ची. आणि कच्ची माडी घशाला खाजते. शिवाय कापून तासन्‌तास राहिलेलं केळं आणि सुरण काळं पडतं, आणि काळं पडू नये म्हणून पाण्यात ठेवलेलं असेल तर पाकिटात तळाशी पाणी दिसतं. तसं पाकीट अजिबात नको.

खाज ही सुरण-माडीतल्या बारीक सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून चिरताना हाताला खोबरेल लावा, आणि आंबट आधी घाला: चार आंबाडे ठेचून, नाहीतर दोन-तीन सोलां (आमसुलं). एक किलो भाजीला अर्ध्या नारळाचं वाटण, पाच-सहा सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, लिंबाएवढा गूळ. कांदा-लसूण नाही. भाज्या किती? पाच किमान, एकवीस हौसेच्या. सुरण, माडी, कणगी प्रथम, दहा मिनिटांनी केळी, नीरफणस, कणीस, भेंडा. शेवटी भोपळा आणि दुधी. वाटण घातल्यावर एकच उकळी. तुरीची डाळ घालणारे घालतात, पण मग ती आधी शिजवून घ्या, कच्ची टाकू नका.

आणि तेफळं, म्हणजे तिरफळं. या दिवसांत ती ताजी, हिरवी, घोसाला लागलेली मिळतात, आणि हा बाजारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित माल. दहा-बारा तेफळं थोड्या पाण्यात हलकेच ठेचा, आतलं काळं बी काढून टाका. ते कचकचतं आणि कडवटही. मिक्सरमध्ये वाटणाबरोबर फिरवलीत तर सगळं भांडं कडू होईल. ठेचलेली तेफळं पाण्यासकट, गॅस बंद करायच्या आधी, आणि लगेच झाकण. सुकी तेफळं घेत असाल तर आत बी राहिलेली नकोत. उघडी, तोंड वासलेली सालं चांगली.

आता माटोळी, ज्यासाठी हा बाजार खरं तर भरतो. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला फळं, भाज्या, रानफळं, वेली बांधायच्या. वर्षभर जे आलं त्याची मोजदाद देवासमोर, असंच ते आहे. कांगल्या, कवंडळ, माट्टुटी, घागऱ्या, नागूलकुडो, हरणां, शेरवडां, तोरिंग, म्हावळिंग, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड. इथला माल उत्तम, आणि विकणाऱ्या बायकांना त्याची माहिती पुस्तकांपेक्षा जास्त. नाव विचारा, गुण सांगतील. सफरचंद आणि संत्री टांगायची चाल अलीकडची. नव्याच्या मापानं ती माटोळीत बसत नाहीत. ती शोभेला असतील तर असोत, पण त्यांच्यापायी म्हावळिंगाची जागा जाऊ नये.

खरेदी करताना गणपती किती दिवसांचा ते धरून चला. दीड दिवसाचा असेल तर केळ्यांचा घड पिकायला लागलेला घ्या. पाच, सात किंवा नऊ दिवसांचा असेल तर पूर्ण हिरवा. समईची धग आणि माणसांची गर्दी यांनी खोली गरम होते आणि पिवळा घड तिसऱ्या दिवशी गणपतीच्या मुकुटावर गळतो. चिबूड कडेला बांधा, मधे नको. तो आतून कुजतो आणि वरून कळत नाही. जड माल, नारळ आणि तोरिंग, चारही कोपऱ्यांत वाटून, नाहीतर चौकट एका बाजूला झुकते. बांधायला केवणीची साल मिळाली तर ती घ्या, भिजवून वापरा. कोरडी वाकत नाही, तुटते. नायलॉनची दोरी गाठीत निसटते आणि फळाच्या देठात रुतते.

एक सावधगिरी: माटोळीला बांधलेलं सगळं खायचं नसतं. कळलावीची लाल-पिवळी फुलं सुंदर दिसतात, पण ते झाड विषारी आहे, आणि त्याचा कंद तर फार. विसर्जनानंतर माटोळी उतरवून वाटताना रानफळं वेगळी काढा, मुलांच्या हाती फक्त ओळखीची फळं द्या.

कणसांचं गणित पंचांगावर आहे. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे चवथ 19 सप्टेंबरला आली, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. या तीन आठवड्यांच्या फरकानं बाजारातली कणसं पार बदलतात. चवथ उशिरा असेल तर दाणा भरलेला, पिवळसर. लवकर असेल तर कणीस हिरवं आणि दाबलं तर पांढरं दूध येतं. 2026 ची चवथ 14 सप्टेंबरची, म्हणजे उशिराकडे झुकलेली. दुधाळ कणीस देवापुढे ठेवायला चालतं, पण खिरीत टाकायला आणि कोठीत ठेवायला नाही. ते दोन दिवसांत बुरसतं. खीर करणार असाल तर दोन-चार दाणे दातानं फोडून बघा. आतला तांदूळ कडक आणि पारदर्शक दिसला तर घ्या. आणि जुडी घट्ट बांधलेली असेल तर मधली कणसं हातानं उलगडून बघा, पावसात भिजलेल्या जुडीत आत काळे दाणे हमखास असतात.

तयार पदार्थांबद्दल थोडक्यात. पातोळ्या पानात असताना विकत असतील तर ठीक, पान काढून थाळीत रचलेल्या असतील तर नको. तासाभरात वरचा पापुद्रा कोरडा पडतो. घरी गरम करायच्या तर पानासकट पाच मिनिटं वाफ, मायक्रोवेव्हमध्ये त्या रबर होतात. नेवऱ्या (करंज्या) कानाजवळ हलवा. आत खुळखुळ झाली तर सारण अर्धं आणि हवा जास्त. ओल्या नारळाच्या नेवऱ्या दोन-तीन दिवस, सुक्या खोबऱ्याच्या पंधरवडाभर. विकणाऱ्याला कुठल्या ते विचारा. तळाचा कागद तेलानं पारदर्शक झालेला असेल तर त्या गार तेलात तळलेल्या आहेत. बाजारातलं मणगणं घेऊ नये. नारळाचं दूध घातलेलं ते या हवेत दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ घरी असताना ते करायला चाळीस मिनिटं पुरतात.

जायचं कधी? म्हापशात शुक्रवारी तसाही आठवड्याचा बाजार असतो, त्यामुळे चवथीआधीचा शुक्रवार टाळा. चालायला वाट मिळत नाही, पारख कुठून करणार. पानं आणि भाज्या आदल्या दिवशी सकाळी आठच्या आत, कारण तेव्हा रातोरात आलेला माल सुटतो. माटोळीचं रानसामान दोन दिवस आधी, सगळ्यात चांगले घोस पहिल्या दिवशी जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी भाव पडतात खरे, पण तेव्हा कांगल्यांचे घोस गळालेले आणि हळदीच्या भाऱ्यात रानहळदच उरलेली असते. सोबत कापडी पिशवी दोन न्या, एक पानांना आडवी ठेवायला, आणि सुटे पैसे. पावसात नोटा भिजल्या की रानातून आलेल्या बाईला त्या मोजून परत देता देता तुमच्यामागची रांग कुरकुरायला लागते.